कागदावरचा हक्क जमिनीवर उतरवताना: अहिंसक लढ्याची कामाची पद्धत

महाडच्या चवदार तळ्यावर कोणालाही पाणी भरता येईल, असा ठराव तिथल्या नगरपालिकेने १९२४ मध्येच केला होता. त्याच्याही आधी, ४ ऑगस्ट १९२३ रोजी, सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करणारा सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या विधिमंडळात मंजूर झाला होता. दोन्ही ठराव दप्तरात पडून राहिले आणि तळे होते तसेच बंद. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि परिषदेला जमलेले लोक रांगेने चालत तळ्यावर गेले, पाणी प्यायले. नवा हक्क त्यांनी मागितलाच नव्हता. होता तो वापरला.

नागरी हक्कांची बहुतेक भांडणे आजही अशीच असतात. कायदा असतो, परिपत्रक असते, कधी भिंतीवर पाटीही असते, आणि माणूस दाराबाहेर. पुढे जे लिहिले आहे ते अशा भांडणासाठी, आणि ३० ते २०० माणसांच्या गटासाठी. राज्यभराच्या आंदोलनाचा हिशेब वेगळा. समजायला सोपे जावे म्हणून एकच उदाहरण धरू: गावच्या सार्वजनिक स्मशानभूमीत वस्तीतल्या मयताला जागा देत नाहीत, आणि तिकडे जाणारा रस्ताही कोणीतरी काटे टाकून अडवला आहे.

सही कोणाची?

‘आम्हाला न्याय मिळालाच पाहिजे’ या मागणीवर कोणालाही सही करता येत नाही, म्हणून ती मान्यही होत नाही आणि अमान्यही होत नाही. मागणी लिहायला बसलात की आधी एवढेच ठरवा: उद्या सकाळी कोणत्या माणसाने कोणत्या कागदावर सही केली म्हणजे हे काम होईल?

आपल्या उदाहरणात पहिले काम म्हणजे स्मशानभूमीच्या जागेचा सातबारा आणि गावनकाशाची प्रत काढणे. जागा ग्रामपंचायतीकडे असेल तर ‘सर्वांसाठी खुली’ या ठरावावर आणि फलकावर सरपंच व ग्रामसेवकाची (आता ग्रामपंचायत अधिकारी) सही लागते. रस्ता अडवला असेल तर तहसीलदाराची. कोणी मज्जाव केला, धमकावले, तर तो गुन्हा आहे आणि तिथे सही ठाणेदाराची. नागरी हक्क संरक्षण अधिनियम, १९५५ च्या कलम ४ मध्ये पाणवठा, रस्ता आणि स्मशानभूमी यांची नावे घेऊन उल्लेख आहे. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा, १९८९ खाली गुन्हा दाखल झाला तर तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे जातो. म्हणजे तीन मागण्या, तीन टेबले. तीनच्या पाच झाल्या तरी चालतील, अकरा होऊ देऊ नका. सभेला आलेला पाहुणा पुढारी बाराव्या क्रमांकावर पालकमंत्र्यांचा राजीनामा जोडून जातो, आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात तेवढाच छापून येतो.

मागणी आकाराने लहान ठेवण्यात कमीपणा नाही. अमेरिकेतल्या माँटगोमेरी शहरात डिसेंबर १९५५ मध्ये काळ्या नागरिकांनी बसवर बहिष्कार टाकला, तेव्हा त्यांच्या सुरुवातीच्या मागण्या अगदी साध्या होत्या: चालकाने सभ्यपणे बोलावे, जो आधी येईल त्याला जागा मिळावी, काळ्या वस्तीतल्या मार्गांवर काळे चालक नेमावेत. वेगळ्या आसनांची पद्धतच रद्द करा, असे त्यांनी पहिल्या दिवशी म्हटले नव्हते. एवढ्यालाही नकार मिळाला आणि कुंपणावर बसलेल्यांना आडमुठे कोण हे कळून चुकले. पद्धत रद्द झाली ती चार स्त्रियांनी लढवलेल्या खटल्यात. बहिष्कार ३८१ दिवस चालला.

सहीवाला सापडला की दुसरी यादी करा: ही अडवणूक कोणाच्या जोरावर उभी आहे? दोघेतिघे कट्टर असतात, त्यांच्यामागे दहा-पंधरा ‘गाव म्हणेल ते’ म्हणणारे असतात, आणि बाकी गाव गप्प. कट्टराचे मन वळवण्यात महिने घालवू नका. सगळा जोर त्या गप्प लोकांवर लावा: शाळेतले गुरुजी, दूध संस्थेचा सचिव, कीर्तनकार, किराणा दुकानदार, नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईला असलेली गावची मुले. यातले पाच जण उघडपणे ‘यात चूक काय?’ म्हणाले, तरी गावातले वजन सरकते.

कागद आधी

रस्त्यावर उतरण्यापूर्वी चार ते सहा आठवडे फक्त कागदाचे. हे कंटाळवाणे काम टाळले की पुढे अधिकारी हमखास विचारतो, ‘तुम्ही आधी अर्ज केला होता का?’

निवेदन एका पानाचे असावे. वर विषय, खाली संदर्भ (आधीच्या अर्जांचे आवक क्रमांक, ठरावाची तारीख), मग क्रमांक घालून मागण्या, मग मुदत. मुदत दिवसांत नको, तारखेत लिहा. शेवटी ‘अन्यथा अमुक दिवसापासून अमुक ठिकाणी शांततेने धरणे धरू’ एवढे पुरे. ‘आत्मदहनाचा इशारा’ लिहिण्याची आपल्याकडे फॅशन आहे, ती सोडा. त्या एका शब्दाने प्रश्न महसूल खात्याच्या टेबलावरून उठून पोलिसांच्या टेबलावर जातो, आणि त्यानंतर सगळे फक्त तुम्हाला पेटू न देण्याची तजवीज करतात. शिवाय सरकारी अधिकाऱ्यावर दबाव आणण्यासाठी आत्महत्येचा प्रयत्न हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २२६ खाली वेगळा गुन्हा आहे.

निवेदन देताना दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का, क्रमांक आणि तारीख घेतल्याशिवाय कार्यालय सोडायचे नाही. ‘साहेब नाहीत, ठेवून जा’ असे सांगितले तर आवक-जावकच्या टेबलावर जा. तिथेही घेतले नाही तर त्याच दिवशी स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती निवेदनाच्या प्रतीला टाचून ठेवा.

त्यासोबत माहितीचा अधिकार वापरा. महाराष्ट्रात अर्जाला १० रुपयांचे कोर्ट फी स्टॅम्प चालते, दारिद्र्यरेषेखालच्यांना फी नाही, अर्ज एका विषयावर आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो. उत्तराची मुदत ३० दिवस. ‘स्मशानभूमीत भेदभाव का होतो?’ हा प्रश्न माहिती अधिकारात बसत नाही; ‘का’ला उत्तर देण्याचे बंधनच नाही. ‘गट क्रमांक अमुकमधील स्मशानभूमीच्या देखभालीवर गेल्या पाच वर्षांत झालेल्या खर्चाच्या व्हाउचरच्या प्रती द्या’ हे बसते. सार्वजनिक पैसा खर्च झाल्याचे व्हाउचर हातात आले, की ‘ती आमच्या भावकीची जागा आहे’ हे म्हणणे तिथेच संपते.

लोकशाही दिन विसरू नका. तालुक्याला महिन्याचा तिसरा सोमवार, जिल्ह्याला पहिला. तिथे नेहमी काम होतेच असे नाही, पण कागदांच्या साखळीत एक कडी वाढते आणि ती वरच्या साहेबाच्या दप्तरात असते.

घटनांची वही एकाच माणसाकडे द्या. तारीख, वेळ, जागा, कोण काय म्हणाले (शब्द जसेच्या तसे, शिवीसकट), कोणी ऐकले. संध्याकाळी आठवून लिहिलेल्या चार ओळी सहा महिन्यांनी केलेल्या भाषणापेक्षा न्यायालयात जास्त टिकतात. व्हिडिओ असेल तर मूळ फाइल त्याच फोनमध्ये राहू द्या. व्हॉट्सअॅपवरून फिरलेली फाइल दाबली जाते, तिची मूळ तारीख-वेळ जाते, आणि पुरावा म्हणून देताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचे प्रमाणपत्र द्यायला मूळ उपकरणच लागते.

कोणते हत्यार कधी

साधने चढत्या क्रमाने वापरायची: निवेदन, शिष्टमंडळ, लाक्षणिक धरणे, मोर्चा, बहिष्कार, हक्काचा प्रत्यक्ष वापर, उपोषण. पहिल्याच दिवशी आमरण उपोषणाला बसणारा दुसऱ्या आठवड्यात काय करणार? साने गुरुजींनी पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरासाठी १ ते १० मे १९४७ असे उपोषण केले, हे सगळ्यांना ठाऊक असते. त्याआधी काही महिने ते गावोगाव फिरून सभा घेत होते, मंदिरे आणि विहिरी खुल्या करवत होते, हे कमी लोक सांगतात. उपोषण हे शेवटचे पान होते.

बहिष्काराबद्दल एक खबरदारी. एखाद्या दुकानातून माल न घेणे हा तुमचा हक्क आहे. पण ‘त्या घराशी कोणी बोलायचे नाही, लग्नाला जायचे नाही’ असे ठरवलेत तर महाराष्ट्राच्या २०१६ च्या सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायद्याखाली तुमच्यावरच गुन्हा दाखल होऊ शकतो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. हाच कायदा उलटही वापरता येतो. लढा सुरू झाला की गिरणीवाला दळण देईनासा होतो, शेतावरची कामे बंद होतात. त्याची सोय आधी करावी लागते. महाडच्या डिसेंबर १९२७ च्या परिषदेला व्यापाऱ्यांनी माल द्यायला नकार दिला, म्हणून शिधा बाहेरून आणावा लागला. मंडपाला जागा दिली ती फत्तेखान नावाच्या गृहस्थांनी. घरटी किमान १५ दिवसांचे धान्य, शेजारच्या गावात एक गिरणी, एक किराणा दुकान आणि आजाऱ्यासाठी एक गाडी एवढी तजवीज झाल्याशिवाय तारीख जाहीर करू नये.

पैसा लागतोच. पावतीपुस्तक छापा, दोघांच्या सहीशिवाय खर्च करू नका, आणि दर आठवड्याला जमाखर्च वस्तीच्या भिंतीवर चिकटवा. पोलिसांच्या लाठीपेक्षा ‘वर्गणी कुठे गेली?’ या कुजबुजीने जास्त आंदोलने मोडली आहेत.

सराव

आपल्याकडे सगळ्यात जास्त वगळला जाणारा भाग हाच, म्हणून इथे जरा थांबू.

जेम्स लॉसन नावाचे तरुण अमेरिकन धर्मोपदेशक १९५० च्या दशकात नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात काही वर्षे होते. सत्याग्रहाचा त्यांनी इथे अभ्यास केला आणि परत गेल्यावर टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिलमध्ये विद्यार्थ्यांच्या कार्यशाळा सुरू केल्या. तिथल्या दुकानांत काळ्यांना सामान विकत मिळे, पण त्याच दुकानातल्या खाण्याच्या काउंटरवर बसू देत नसत. विद्यार्थी कित्येक आठवडे चर्चमध्ये जमून एकमेकांना शिव्या देत, केस ओढत, खुर्चीवरून ढकलत, आणि ढकललेला माणूस पुन्हा येऊन बसे. नोव्हेंबर-डिसेंबर १९५९ मध्ये त्यांनी दोन चाचण्या घेतल्या: बसले, खायला मागितले, नकार ऐकला, व्यवस्थापकाशी नम्रपणे बोलले आणि उठून आले. खरी बैठक १३ फेब्रुवारी १९६० ला झाली. २७ फेब्रुवारीला टोळक्याने त्यांना मारले, अंगावर जळत्या सिगारेटी विझवल्या, आणि पोलिसांनी अटक केली ती विद्यार्थ्यांना. एक तुकडी गाडीत चढली की दुसरी येऊन त्याच स्टुलांवर बसत होती. सरावाशिवाय हे होत नाही. माणसाचा हात आपसूक उठतो.

सरावाला १४ जण आणि दोन तास पुरतात. सहा जण सत्याग्रही, चार विरोधक, दोन पोलीस, दोन जण फक्त बघणारे. दहा मिनिटांचा प्रसंग, पंधरा मिनिटांची चर्चा, मग भूमिका बदलायच्या. असे तीन फेरे. विरोधकाने खऱ्या शिव्या द्यायच्या, ज्या त्या दिवशी खरोखर ऐकू येणार आहेत त्या, जातीवरून, आईबहिणीवरून. गुळमुळीत शिव्यांच्या सरावाने काही साधत नाही. एक शब्द ठरवून ठेवा, ‘बस’ म्हटले की सगळे जागच्या जागी थांबणार. कारण विरोधकाची भूमिका करणाऱ्याला तिसऱ्या मिनिटाला चेव येतो. चर्चेत ‘बरोबर केलेस का?’ विचारू नका. ‘त्या वेळी अंगात काय झाले?’ हे विचारा. ज्याच्या मुठी वळल्या, त्याने प्रामाणिकपणे सांगितले तर त्याला पाणी, गाडी, हिशेब किंवा वकिलांशी संपर्क यांपैकी काम द्या. त्यात अपमान नाही. रागीट माणूस पहिल्या रांगेत बसवणे हा मात्र मूर्खपणा आहे.

शरीराच्या सवयीही सरावानेच बसतात. मांडी घालून, शेजाऱ्याच्या गुडघ्याला गुडघा लावून बसा. हात मांडीवर उघडे, दिसतील असे. मार पडू लागला तर हनुवटी छातीला, दोन्ही कोपरांनी कानशिले झाकून कुशीवर वळायचे. उचलून नेत असतील तर अंग सैल सोडायचे, ओढाताण करायची नाही. ओढाताणीचे दोन सेकंदांचे चित्रीकरण पुढे ‘शासकीय कामात अडथळा’ म्हणून तुमच्यासमोर येते. चष्म्याला दोरी बांधा. मंगळसूत्र, कानातले, साखळी घरी ठेवा. वकिलांचा नंबर पेनाने दंडावर लिहा, फोन काढून घेतला जाऊ शकतो.

नॅशव्हिलच्या विद्यार्थ्यांकडे नियमांचा छापील कागद होता: शिवीला शिवी नाही, हसायचे नाही, काउंटरकडे तोंड करून ताठ बसायचे, म्होरक्याने सांगितल्याशिवाय जागा सोडायची नाही, कोणी माहिती विचारली तर म्होरक्याकडे पाठवायचे. तुमचाही असाच कागद हवा, आठ ओळींपेक्षा मोठा नको. त्यात आपल्याकडची एक ओळ नक्की घाला: दारू पिऊन आलेला कोणीही, नेत्याचा भाऊ असला तरी, रांगेत उभा राहणार नाही.

पोलीस ठाणे

शांततेने, विनाशस्त्र जमण्याचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद १९ मध्ये आहे, पण त्यावर वाजवी निर्बंध घालता येतात, आणि महाराष्ट्रात ते सर्रास घातले जातात. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ चे कलम ३७ (१)(३) म्हणजे ज्याला आपण जमावबंदी म्हणतो. पाच किंवा अधिक माणसे जमण्यावर एका वेळी १५ दिवसांपर्यंत बंदी येऊ शकते. तुमच्या तारखेला ती लागू आहे का, हे आधी ठाण्यात विचारून घ्या.

ठाण्यातला अर्ज आठ-दहा दिवस आधी द्या. त्यात तारीख, सुरुवातीची आणि शेवटाची वेळ, नेमकी जागा, अंदाजे संख्या, ध्वनिक्षेपक हवा की नको, आणि दोन जबाबदार व्यक्तींची नावे. संख्या फुगवू नका. पाचशे लिहून साठ आले तर तुमचेच हसे होते, आणि साठ लिहून पाचशे आले तर अटींचा भंग. परवानगी नाकारली तर कारणासह लेखी मागा. बहुतेक वेळा जागा शंभर मीटर सरकवून तोडगा निघतो. रस्ता बेमुदत अडवून बसणे टाळा. सार्वजनिक रस्ता अनिश्चित काळ व्यापता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबर २०२० च्या निकालात म्हटले आहे. ध्वनिक्षेपक रात्री १० ते सकाळी ६ बंद.

आदल्या दिवशी पोलिसांची प्रतिबंधात्मक नोटीस येते. कार्यकर्ते तिला अजून जुन्या कायद्यातल्या कलमावरून ‘एकशे एकोणपन्नासची नोटीस’ म्हणतात. १ जुलै २०२४ पासून ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६८ खाली निघते. ती घ्या, ‘मिळाली’ एवढेच लिहून तारीख-वेळेसह सही करा. फाडू नका, तिच्यावर भाषण करू नका. ती अटक नव्हे.

धरण्याच्या ठिकाणाहून गाडीत बसवून नेले आणि संध्याकाळी सोडले, तर ते बहुधा पोलीस अधिनियमाच्या कलम ६८-६९ खालचे असते. पण खरी अटक झाली तर कारण सांगणे, नातेवाइकाला कळवणे आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभे करणे बंधनकारक आहे. म्हणून बाहेर राहिलेल्या एकाकडे सहभागी माणसांची पूर्ण यादी हवी: नाव, वय, औषधे, घरच्यांचा नंबर. वकीलपत्रांवर आधीच सह्या घ्या आणि चार-पाच जामीनदार कागदपत्रांसह तयार ठेवा.

आदेश जाणूनबुजून मोडायचा असेल तर तो सविनय कायदेभंग. तो लपूनछपून होत नाही. गांधीजींनी मिठाच्या सत्याग्रहाआधी, २ मार्च १९३० रोजी, व्हाइसरॉय आयर्विन यांना पत्र लिहून कळवले होते आणि १२ मार्चला चालायला सुरुवात केली. कळवा, मोडा, शिक्षा स्वीकारा. पण कोण मोडणार हे नीट निवडा. पोलीस भरतीची, स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलामुलींना त्या तुकडीत घेऊ नका. नोंदलेला गुन्हा चारित्र्य पडताळणीत उभा राहतो आणि आयुष्यभराचा राग आंदोलनावर निघतो. त्यांना हे आधी स्पष्ट सांगणे तुमचे काम आहे.

प्रत्यक्ष दिवस

दर २० माणसांमागे एक स्वयंसेवक, ओळखू येईल असा फेटा किंवा पट्टा बांधलेला. चालताना तीन-तीनच्या रांगा, रस्त्याच्या डाव्या कडेने. सगळ्यांत पुढे वयस्क बायका. त्यांचा वेग तोच मोर्चाचा वेग. पुढे तरुण ठेवले की अर्ध्या तासात मोर्चाचे दोन तुकडे होतात आणि मधल्या पोकळीत भलतीच माणसे घुसतात. उन्हाळ्यात माणशी तीन लिटर पाणी धरा. चक्कर आलेल्यासाठी एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ.

लांब चालणारे धरणे पाळ्यांवर चालते. नाशिकच्या काळाराम मंदिराच्या सत्याग्रहात मार्च १९३० मध्ये पहिल्या तुकडीत १२५ पुरुष आणि २५ स्त्रिया होत्या, आणि त्या चारही दरवाज्यांवर वाटून बसवल्या होत्या. सगळ्यांनी रोज यायचे ठरवले की आठव्या दिवशी मंडपात सतरंजी आणि कुत्री उरतात. आठवड्याचे वेळापत्रक करा, मजुरी बुडणाऱ्याला आठवड्यातून एकच पाळी द्या.

तोंड बांधलेला अनोळखी मुलगा दगड उचलताना दिसला तर त्याच्याशी झटापट करू नका. शिट्टीची एक लांब फुंकर ठरवून ठेवा: ती वाजली की सगळे खाली बसतात. बसलेल्या दोनशे लोकांत उभे राहिलेले तिघे आपोआप उघडे पडतात, कॅमेऱ्यालाही आणि पोलिसांनाही.

आता परतीचा रस्ता. महाडला २० मार्च १९२७ रोजी हल्ला तळ्यावर झाला नाही. लोक पाणी पिऊन मंडपात परतले, जेवायला बसले, काही घराकडे निघाले. तेवढ्यात वीरेश्वराच्या मंदिरात शिरणार आहेत अशी आवई उठली आणि जमाव विखुरलेल्या लोकांवर तुटून पडला. प्रतिकार करू नका, असे बाबासाहेबांनी आपल्या माणसांना सांगितले. नंतर हल्लेखोरांपैकी काहींना न्यायालयात शिक्षा झाली. तुमच्या योजनेत शेवटचे भाषण संपल्यानंतरच्या दोन तासांना मुख्य कार्यक्रमाइतकीच जागा द्या. गावनिहाय गट, गटात किमान आठ माणसे, कोण कोणत्या वाटेने जाणार, आणि घरी पोचल्यावर एका ठरलेल्या नंबरवर फोन. शेवटचा फोन येईपर्यंत संयोजक जागचे हलणार नाहीत. आणि आवईला उत्तर द्यायला एक माणूस दिवसभर मोकळा ठेवा, त्याने पाच मिनिटांत ‘आम्ही तिकडे जाणार नाही’ असे लेखी ठाण्यात आणि गावच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकायचे.

उपोषण

लाक्षणिक म्हणजे एक दिवसाचे, साखळी म्हणजे दररोज बदलती माणसे, आमरण म्हणजे बेमुदत. लहान गटाला साखळी उपोषणच परवडते. मधुमेही, गरोदर वा अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, मूत्रपिंडाचे किंवा हृदयाचे औषध चालू असलेले आणि १८ वर्षांखालचे यांना बसवायचे नाही, कितीही हट्ट केला तरी. पाणी रोज दोन-तीन लिटर, चिमूटभर मीठ चालते. मीठ घेणार की नाही हे पहिल्याच दिवशी जाहीर करा, म्हणजे नंतर ‘चोरून खाल्ले’ असा बोभाटा होत नाही. वजन, रक्तदाब, नाडी आणि साखर दिवसातून दोनदा मोजून फळ्यावर लिहा. पाच दिवसांवर उपोषण गेले तर ते सोडणे धोक्याचे असते: एकदम गोड रस, पेढा, मग घरी जाऊन भरपेट जेवण, असे केल्यास रक्तातले फॉस्फेट आणि पोटॅशियम कोसळून हृदय बंद पडू शकते. फोटोपुरता एक घोट, मग थेट रुग्णालय.

बोलणी

बोलायला तिघे जावेत: बोलणारा, लिहिणारा आणि गप्प बसून बघणारा. तोडगा जागच्या जागी मान्य करू नका, ‘लोकांना विचारून सांगतो’ म्हणून बाहेर या.

लेखी आश्वासनात ‘नियमानुसार योग्य ती कार्यवाही करण्यात येईल’ हे वाक्य आले, तर तुम्हाला काहीही मिळालेले नाही. तो मसुदा परत द्या आणि आपला पुढे करा: ‘गट क्रमांक अमुकमधील रस्त्यावरील अडथळा दिनांक अमुकपर्यंत मंडळ अधिकारी पंचनामा करून दूर करतील.’ कोण, काय, कधी. खाली सही, पदनाम, शिक्का आणि जावक क्रमांक.

मिळाल्यानंतर

नॅशव्हिलमध्ये दुकानदारांशी समझोता झाला, तेव्हा १० मे १९६० पासून काय घडणार याचा तपशीलही ठरला होता. आधी कळवून, ठरल्या वेळी, दोघेतिघे काळे ग्राहक काउंटरवर जाणार. दुकानाचे नोकर तयार असणार. गाजावाजा होणार नाही. हळूहळू संख्या वाढली आणि काही आठवड्यांत कोणी वळूनही बघेना. विजयाची मिरवणूक काढण्यापेक्षा हे शहाणपणाचे.

स्मशानभूमीचा पहिला वापर मयताच्या दिवशी होऊ देऊ नका. दुःखात असलेल्या घरावर कसोटीचे ओझे नको. आधी श्रमदानाचा दिवस ठरवा, गावातल्या त्या पाच गप्प माणसांनाही बोलवा, फलक लावा, रस्त्यावरून सगळ्यांदेखत चाला, फोटो काढा, ग्रामसेवकाची सही घ्या. पुढचे सहा महिने दर पंधरा दिवसांनी दोघांनी जाऊन रस्ता मोकळा आहे का ते बघून वहीत नोंद करायची.

कारण मिळालेले परत जाते. महाडच्या नगरपालिकेने ४ ऑगस्ट १९२७ रोजी आपलाच ठराव मागे घेतला. डिसेंबरमध्ये पुन्हा तळ्यावर जायचे ठरले, तेव्हा विरोधकांनी दिवाणी दावा लावून तात्पुरता मनाई हुकूम आणला. परिषदेने तो मोडला नाही, तळ्याभोवती मिरवणूक काढली आणि खटला लढवला. पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट विरोधकांना सिद्ध करता आली नाही, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने दिला तो १७ मार्च १९३७ रोजी. पाणी प्यायल्यापासून जवळपास दहा वर्षांनी. तुमचा ठराव, पोच असलेली निवेदने, आश्वासनाचे पत्र, घटनांची वही यांच्या साक्षांकित प्रती काढून दोन वेगवेगळ्या घरांत ठेवा. त्यातले एक घर गावाबाहेरचे असावे.